वॉर्ड इन्चार्जची भावनिक बुद्धिमत्ता: शिस्तीला मारक की पूरक?

प्रश्न:
मला नुकतीच वॉर्ड इन्चार्जची जबाबदारी मिळाली आहे. प्रशिक्षणात भावनिक बुद्धिमत्तेवर बराच भर दिला गेला. परंतु औषधाच्या मात्रेतील चूक, ड्युटीवरून कुरबूर आणि नातेवाइकांचा संताप हे सारे एकाच पाळीत समोर येते, तेव्हा तिचा उपयोग कसा करावा हे उमगत नाही. मऊ वागल्यास शिस्त बिघडेल, अशी भीतीही वाटते.

उत्तर १:
सॅलोवी आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली, ती स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून त्या माहितीचा विचारासाठी आणि कृतीसाठी उपयोग करण्याची क्षमता, या अर्थाने. मऊपणाचा त्यात उल्लेखही नाही. याच दशकात संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या विभागांत नेतृत्व चांगले होते तेथे औषधांच्या चुकांची नोंद कमी नव्हे, तर अधिक आढळली. कारण तेथील परिचारिका चूक बोलून दाखवण्यास कचरत नव्हत्या, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून चूक सांगायला आलेल्या स्टाफ नर्सला आपण पहिला प्रश्न रुग्णाच्या प्रकृतीविषयी विचारता की दोषाविषयी, यावर पुढची चूक आपल्यापर्यंत पोहोचेल की नाही हे बरेचसे ठरते. जाणूनबुजून औषधाची तपासणी टाळणाऱ्यावर मात्र कारवाई व्हायलाच हवी. त्यात ही क्षमता आड येत नाही.

उत्तर २:
वरील म्हणणे मान्य आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. मनात नसलेली भावना चेहऱ्यावर आणणे हेही श्रमच आहेत, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते. मनुष्यबळ अपुरे ठेवायचे आणि दमलेल्या परिचारिकांसाठी भावनिक बुद्धिमत्तेची कार्यशाळा घ्यायची, हा प्रशासनाचा सोयीचा मार्ग झाला आहे. सहकाऱ्यांचा थकवा ओळखणाऱ्या इन्चार्जने तो लेखी स्वरूपात वरिष्ठांपर्यंत पोहोचवला नाही, तर त्या ओळखण्याचा फायदा कोणाला?

उत्तर ३:
दोन्ही उत्तरांना जोडून एवढेच सुचवतो, की हँडओव्हरच्या वेळी सर्वांसमोर कोणालाही खडसावू नये. पाळी बदलताना अपमानित झालेली व्यक्ती पुढची महत्त्वाची माहिती सांगायची विसरते, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. ड्युटीची कुरबूर मात्र समजुतीने मिटत नाही. रात्रपाळ्यांच्या वाटपाचे निकष आधीच जाहीर करून ते आपल्या मर्जीतल्यांनाही लागू करावेत.