मदत हवी आहे: पाडव्याला जोडून रत्नागिरी. काय बघावं, कुठे खावं?

घाईत_आहे | सोमवार, सकाळी १०:०५

नमस्कार. पाडव्याच्या गुरुवारी सकाळी निघतोय, शुक्रवारी रजा टाकली आहे, रविवारी दुपारनंतरची परतीची गाडी. रत्नागिरीत काय बघावं, काय खावं, कुठला समुद्र चांगला, एवढंच सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय. सगळीकडे तीच दहा ठिकाणं आणि तेच सूर्यास्ताचे फोटो. रूम झाली, तिकिटं झाली, फक्त प्लॅन अडलाय. आज ठरलं तर बरं होईल.

सह्यभटक्या | १०:२०

किती जण? कुठून? गाडी स्वतःची का? वयोगट? चढायची तयारी आहे का? एवढं सांगितलंत तर काहीतरी बोलता येईल.

तारकर्लीवेडा | १०:३१

रत्नागिरीला समुद्र कुठे आहे हो धड? तारकर्लीला जा. पाणी आरपार दिसतं, सिंधुदुर्ग किल्ला बोटीने होतो, मालवणात जेवण. मी सात वेळा गेलोय.

भाट्येकर | १०:४४

सात वेळा तारकर्लीला गेल्यावर रत्नागिरीला समुद्र आहे की नाही हे कसं कळणार म्हणा. @घाईत_आहे, मी इथलाच. वरच्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग सांगतो.

घाईत_आहे | ११:१५

दोघीच. मी आणि आई. ठाण्याहून जनशताब्दीने, गाडी नाही. तारकर्ली नको, तिकिटं रत्नागिरीची आहेत, लिहिलंय वर. रूम समुद्रासमोरची मिळाली आहे, त्यामुळे समुद्राचा प्रश्न नाही, बाकीचं सांगा.

हायवेग्रस्त | ११:२२

रेल्वे घेतलीत ते शहाणपणाचं केलंत. मागच्या महिन्यात आम्ही गाडीने गेलो. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला म्हणतात, तो तुकड्यातुकड्यांनी झालाय. चांगला रस्ता लागला म्हणून जरा वेग घ्यावा तर पुढच्या वळणावर डायव्हर्जनची पाटी. कंबरेचा एक्स-रे काढला तोही दाखवू शकतो.

एसटीप्रेमी | ११:२६

एक्स-रे नको. @घाईत_आहे, एक विचारू? रूम 'समुद्रासमोर' म्हणजे नक्की कुठे? मांडवी? भाट्ये? रत्नागिरी शहरात समुद्रासमोरच्या खोल्या फार नाहीत.

घाईत_आहे | ११:५०

गणपतीपुळे. रत्नागिरीच ना ते? बुकिंगच्या साइटवर रत्नागिरी म्हणून शोधलं तेव्हा तेच वर आलं.

भाट्येकर | ११:५२

झालं.

एसटीप्रेमी | ११:५८

ताई, गणपतीपुळे जिल्ह्याने रत्नागिरी. शहरापासून आरे-वारेच्या किनाऱ्याने साधारण २५ किमी. शिवाय रेल्वे स्टेशन शहरातही नाही, कुवारबावच्या बाजूला, सहा-सात किमी आत. म्हणजे उतरल्यावर आधी पुळ्याला जाणार, मग रोज शहर बघायला परत येणार? एसटी आहेत, पण संध्याकाळी मांडवीला सूर्यास्त बघून पुळ्याला परतायचं म्हटलं तर घड्याळाकडेच बघत बसाल.

घाईत_आहे | १२:१०

अरे देवा. रूम तिन्ही रात्रींची आहे. आणि आईच्या गुडघ्यांचं सांगायचं राहिलं. सपाटीवर अर्धा तास चालते, पायऱ्या नको म्हणते. म्हणते म्हणजे सुरुवातीला हो म्हणते आणि निम्म्या पायऱ्यांवर बसते.

सह्यभटक्या | १२:१८

हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर! मी इथे रत्नदुर्ग, जयगड, पूर्णगड असा तीन किल्ल्यांचा प्लॅन टाइप करत होतो. खोडतोय.

भाट्येकर | १२:४०

खोडू नका सगळं, रत्नदुर्ग निम्मा जमतो. रिक्षा पार पायथ्यापर्यंत जाते, तिथून पायऱ्या चढल्या की भगवतीचं देऊळ. काकूंना नाही जमलं तर खालूनच मिरकरवाडा बंदर दिसतं, तेही बघण्यासारखं आहे.

आता असं करा. हॉटेलला आत्ता फोन करा, साइटला नाही. तीन रात्रींऐवजी दोन करता येतात का विचारा. गुरुवार-शुक्रवार पुळे, शनिवारी शहरात मुक्काम. रविवारची गाडी शहरातूनच पकडायची आहे, ती धावपळ वाचेल.

शनिवारी सकाळी रिक्षा ठरवून थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इकडे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, म्हणजे तोवर पंचवीस वर्षं माणूस भाड्याच्या बंगल्यांत. राहायला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. समाधीही गावातच आहे. इमारत बघाल तर लाकूडकाम, रंगीत काचा, उतरती छपरं. आत वस्तुसंग्रहालय आहे. तिथून थिबा पॉइंट, खाली भाट्याची खाडी आणि पूल दिसतो. मग टिळकांचं जन्मस्थान, टिळक आळीत. १८५६ चा जन्म, दहाव्या वर्षापर्यंत इथेच होते. उतरत्या कौलांचं साधं कोकणी घर आहे, अंगणात विहीर. काकूंना ते राजवाड्यापेक्षा जास्त आवडेल असा माझा अंदाज.

इतिहासाचा_विद्यार्थी | १२:५५

पतितपावन मंदिर राहिलं. १९३१. सावरकर स्थानबद्धतेत असताना सर्व जातींना खुलं म्हणून उभं राहिलं, पैसा भागोजीशेठ कीरांनी दिला. भागोजीशेठ मूळचे रत्नागिरीचेच. आणि ब्रह्मदेश नको, आता म्यानमार म्हणा.

भाट्येकर | १३:०२

थिबा राजा जिथून आला तो ब्रह्मदेशच होता.

सॅनहोजेची_सून | १३:१०

विषय निघालाच आहे म्हणून विचारते, अमेरिकेत चेक-इन बॅगेतून हापूस आणता येतो का? सासूबाई मेमध्ये येणार आहेत.

एसटीप्रेमी | १३:१४

नाही. विमानतळावर काढून घेतील. तिकडे हापूस जातो तो इथून विकिरण करून, कागदपत्रांसकट. आमरसाचे डबे तेवढे आणायला सांगा, आणि तेही कस्टमच्या फॉर्मवर लिहायला सांगा.

खवय्या७२ | १३:३०

आंब्याचं निघालं म्हणून सांगतो. पाडव्याला रत्नागिरीत हापूस मिळेल, पहिल्या तोडीचा, पण भाव ऐकून हात मागे घ्याल. हायवेला पेट्या रचून बसलेल्यांकडून तर मुळीच घेऊ नका. पेटीवर रत्नागिरी छापलेलं असतं, आत कर्नाटकचा. खरा ओळखायचा तर वास. पेंढ्याच्या अढीत पिकलेला आंबा खोलीत शिरल्याशिरल्या कळतो. पिवळाधमक पण वास नाही, म्हणजे पावडर लावून पिकवलेला.

बागाईतदार_पावस | १३:५२

वासाने साका कळत नाही, साहेब. वरून देखणा, कापला की आत पांढरा स्पंजासारखा गर. कातळ तापला की ही भानगड जास्त. म्हणून आम्ही उन्हं चढायच्या आत झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवतो, देठ ठेवून, आणि लगेच सावलीत. गिऱ्हाईक आम्हालाच शिव्या घालतं, त्याला काय माहीत. मार्चमध्ये चव बघायला डझनभर घ्या, पेटी एप्रिलअखेर.

खवय्या७२ | १३:५८

साका नाही म्हटलंच नव्हतं मी. मी पावडरबद्दल बोलत होतो.

घाईत_आहे | १४:२०

आंबा नंतर. हॉटेलला फोन केला. मॅनेजर म्हणाला साइटवरून बुकिंग आहे तर साइटला विचारा. साइट म्हणते हॉटेलला विचारा. पुळ्याला दोन दिवस करायचं काय? देऊळ आणि समुद्र, संपलं ना?

एसटीप्रेमी | १४:३३

मॅनेजरला सांगा, पैसे परत नकोत, तिसरी रात्र दुसऱ्या कोणाला द्या आणि त्या बदल्यात दोन वेळचं जेवण द्या. पाडव्याची जोडून सुट्टी आहे, खोली रिकामी राहणार नाही, तो ऐकेल. एकदा असंच जमलं होतं मला.

पुळ्याला: देऊळ डोंगराला लागून आहे, प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या डोंगराला, साधारण एक किमी. फरसबंदी वाट आहे पण चढउतार आहे. आईंना देवळात बसवा, तुम्ही जाऊन या. जवळच मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. घर नीट राखलंय, शेजारी स्मारक. सपाट आहे, सावली आहे.

सुगरण_नसलेली | १४:४०

आणि समुद्रात गुडघ्याच्या वर जाऊ नका. पुळ्याची वाळू पायाखालून सरकते, दरवर्षी कोणी ना कोणी जातं. पाट्या लावल्या आहेत, लोक पाटीला टेकून फोटो काढतात आणि आत शिरतात.

पंचांगवाले_काका | १५:०५

समुद्रावर जायची वेळ कोणीच सांगितली नाही. आमच्याकडे जुना हिशोब: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. शुक्रवारी द्वितीया, दोनाचे पाऊणपट दीड. दुपारी दीडला पूर्ण भरती, सहा तासांनी ओहोटी. नुकतीच अमावास्या होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी चढेलही जास्त आणि उतरेलही जास्त. संध्याकाळी सूर्य बुडताना समोर रुंद, ओली, कडक वाळू मिळेल. गुडघेदुखीवाल्यांनी त्याच वाळूवर चालावं, कोरड्यात पाय रुततात.

सह्यभटक्या | १५:१२

हे मुंबईचं गणित आहे काका, रत्नागिरीला भरती त्याच्या पाऊण-एक तास आधी येते. ॲपवर बघा ना सरळ.

पंचांगवाले_काका | १५:१५

ॲपला रेंज लागते. तिथीला लागत नाही.

भाट्येकर | १५:३०

दोघांचंही बरोबर, संध्याकाळी ओहोटीच आहे. शनिवारी शहरात असाल तर मांडवी. तिथली वाळू काळी, म्हणून आम्ही काळा समुद्र म्हणतो. किल्ल्याच्या पलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. मिऱ्याकडे किनारा खचत चाललाय, दगड टाकलेत, बसायला मजा नाही. मांडवीला जेटीवर बसा, पायऱ्यांची भानगड नाही, भेळ मिळते. रविवारी सकाळी भाट्ये, सुरूचं बन आहे, सावलीत चालता येईल. टोकाला झरी विनायक.

कातळवेडी | १५:४८

कोणी कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांचं, नाव काढलं नाही! उक्षीला एकच, हत्ती, गावकऱ्यांनी स्वतः जपलाय. कशेळीचा हत्ती तर १८ मीटर लांब, आत आणखी प्राणी कोरलेले. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश झाला. लोक आंबा आणि मोदक यांच्यापलीकडे जात नाहीत. आणि रेल्वेने जाताय ना, उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किमी, मोबाइल खाली ठेवा आणि मोजा.

भाट्येकर | १५:५५

कातळशिल्पं उत्तम. पण मार्चअखेर सड्यावर, गाडी नसलेल्या दोघींनी, एकीचे गुडघे दुखत असताना? उघडा कातळ, झाड नाही. अकरानंतर चप्पल चिकटते.

कातळवेडी | १६:०२

सकाळी सातला जायचं. प्रत्येक वेळी लोक हेच कारण देतात.

सुगरण_नसलेली | १६:२०

खाण्याचं कोणी सांगत नाही म्हणून मी. आत्ताच्या दिवसांत रत्नागिरीत एकच गोष्ट खायची: ओल्या काजूगरांची उसळ. मे उजाडला की संपलं. बाजारात बायका पाट्या घेऊन बसतात, सोललेले गर शेकड्यावर मिळतात, महाग वाटतात. मग आपल्याला वाटतं न सोललेले घ्यावेत, स्वस्त पडतील. घेऊ नका! टरफलात चीक असतो, कातडं सोलवटतं. सोलणाऱ्या बाया हाताला तेल चोपडून बसतात, उभा काप देतात आणि सुरीच्या टोकाने गर उचलतात. आतली गुलाबी साल गरम पाण्यात टाकली की सुटते. कुवरीच्या, म्हणजे कोवळ्या, फणसाची भाजीही मिळाली तर सोडू नका.

खवय्या७२ | १६:२६

आणि मासे?

घाईत_आहे | १६:३१

आई खात नाही. मी खाते, पण तिच्यासमोर नाही. हेही सांगायचं राहिलं.

तारकर्लीवेडा | १६:४०

मग तारकर्लीलाही उपयोग नव्हता.

घाईत_आहे | १८:०५

मॅनेजर ऐकला! जेवणाऐवजी नाश्ता म्हणाला, पण तिसरी रात्र सोडली. शहरात मांडवीजवळ खोली मिळाली, समुद्र दिसत नाही पण तळमजला आहे. शनिवारचा रिक्षावालाही तिथूनच ठरला. एसटीप्रेमी आणि भाट्येकर, खूप आभार. शुक्रवारी पुळ्याला ढोल ऐकू येतील का हो? हॉटेलवाला पालखीचं काहीतरी म्हणत होता.

भाट्येकर | १८:१७

शिमग्याच्या पालख्या. काही गावांत पाडव्यापर्यंत घरोघर फिरतात. मिळाली तर नशीब समजा. अंगणात पालखी नाचवतात तेव्हा मध्ये फोटो काढायला घुसू नका, बाजूला उभं राहून ओटी भरा.

घाईत_आहे | पुढचा मंगळवार, रात्री ९:४०

परत आलो. थिबा पॅलेसमध्ये आई वीस मिनिटांत कंटाळली, टिळकांच्या विहिरीजवळ मात्र तासभर बसली. तिथल्या एका बाईंशी मुळाक्षरांपासून सगळं बोलून झालं. मांडवीला ओहोटी होती, काका, पंधरा मिनिटं इकडेतिकडे. पालखी पुळ्याच्या वाटेवर दिसली, रिक्षा थांबवून दहा मिनिटं उभ्या राहिलो.

आता खरी अडचण. रविवारी सकाळी बाजारात आईने ऐकलं नाही, न सोललेले काजू घेतले शंभर. काल घरी बसून सोलले, तेल लावायच्या आधीच दहा-बारा झाले होते. दोन्ही अंगठे आणि पहिली बोटं काळी पडली आहेत, आज सालं निघायला लागली. काय लावू?

सुगरण_नसलेली | ९:४४

लिहिलं होतं मी. उद्गारचिन्ह देऊन लिहिलं होतं.

बागाईतदार_पावस | ९:५२

खोबरेल लावा, साबणाने घासू नका, सालं ओढू नका. आठवड्याभरात नवी कातडी येते, आमच्याकडे दर साल कोणाची ना कोणाची होते. फोड पाणावले किंवा डोळ्याला हात लागला तर डॉक्टर. आणि त्या हाताने कणीक मळू देऊ नका.

घाईत_आहे | ९:५५

कणीक मळून झाली आहे.