प्रेरित फेरफार की प्रवर्तित उत्परिवर्तन?

तलाठीपुत्र: सोयाबीनवरच्या एका लेखाचं मराठी करतोय. ‘इंड्यूस्ड म्युटेशन’ला भाषांतर-यंत्राने ‘प्रेरित फेरफार’ दिलं. आमच्या घरात फेरफार म्हणजे गाव नमुना ६. वारस लागले, जमीन विकली, की त्यात नोंद पडते. आता रोपाच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं चढवायचं?

जुनी वही: यंत्राला फार बोल लावू नका, महसुलात म्युटेशन म्हणजे फेरफारच! जीवशास्त्रात ‘उत्परिवर्तन’ रुळलाय. नुसतं ‘परिवर्तन’ तोकडं पडतं. पाणी तुटून पान पिवळं पडलं तर तेही परिवर्तनच, पण ते बियाण्यातून पुढे जात नाही. मला खटकतो तो ‘प्रेरित’. भाषण ऐकून माणूस प्रेरित होतो, बी कसलं होणार? शाळेत आपण ‘प्रवर्तित विद्युतधारा’ शिकलो, तोच शब्द इथेही घ्या.

बांधावरून: ‘प्रवर्तित’ला माझंही मत. ‘प्रेरित’मुळे वाटतं की कुणीतरी रोपाला दिशा दाखवली. तसं काही नसतं. बियाण्यावर गॅमा किरण सोडतात किंवा ते इएमएस नावाच्या रसायनात भिजवतात. कुठलं जनुक बिघडेल यावर कुणाचा हात नाही. त्या बियाण्याचं पहिलं पीक म्हणजे एम-१. अप्रभावी बदल, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्याशिवाय न दिसणारा, त्यात लपून राहतो, एम-२मध्ये उघडा पडतो. मग हजारो रोपांतून हवं ते एखादं वेचायचं.

ब्रॅग या सोयाबीनच्या अमेरिकन वाणाचंच बघा. ऑस्ट्रेलियात त्याच्या बियाण्यावर इएमएस वापरलं, तेव्हा मुळांवर गाठीच गाठी धरणारी रोपं मिळाली (१९८५). या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र रोपाला देतात. एरवी जमिनीत नायट्रेट, म्हणजे तयार नत्र, भरपूर असलं की सोयाबीन गाठी आवरती घेतं. यांचा लगामच तुटलेला. कलमं करून पाहिलं तर लगाम मुळात नव्हे, वरच्या भागात, पानांत! जनुक सापडलं २००३मध्ये, नाव एनएआरके. गाठी वाढल्या म्हणून उत्पन्न वाढलं नाही हो, रोपं खुरटलीच. पण गाठींवर ताबा कोण ठेवतं ते कळलं.

त्याच ब्रॅगच्या उत्परिवर्तनातून इंदूरला ‘अहिल्या-१’ हे लागवडीचं वाण निघालं. आपल्याकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचं टीएएमएस-३८ आहे.

तलाठीपुत्र: मग ‘म्युटंट’ला उत्परिवर्तक?

जुनी वही: नको! उत्परिवर्तक म्हणजे बदल घडवणारा, किरण किंवा रसायन. बदललेलं रोप ‘उत्परिवर्ती’. एका अक्षराने कर्ता-कर्म उलटतं.

तलाठीपुत्र: आणि कंसात ‘जीएम’ लिहू का? वाचकांना ओळखीचं आहे.

बांधावरून: मुळीच नको. जीएम सोयाबीनला आपल्याकडे लागवडीची परवानगी नाही, अहिल्या-१ मात्र शेतात गेलं. यात बाहेरचं जनुक घातलेलं नसतं, घरचंच मोडलेलं असतं.

तलाठीपुत्र: म्हणजे खातेदार तोच, नोंदीत खाडाखोड. वडिलांना असंच सांगतो.