कोल्हापूरच्या रस्त्यावर निवांत फिरायला लाँगबोर्ड: पिनटेल घेऊ की ड्रॉप-थ्रू?

फुलेवाडी_मेडिकल

नमस्कार मंडळी. वय ३६, वजन ८४ किलो, उंची पाच फूट नऊ. औषधाचं दुकान आहे, दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं. जिममध्ये जीव रमत नाही. मेहुणा बंगळुरात असतो, दिवाळीत त्याच्याकडं गेलो तेव्हा सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर त्याच्या लाँगबोर्डवर, म्हणजे चार चाकांच्या लांब फळीवर, उभा राहिलो, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

उड्या, ट्रिका मला काही नकोत. सकाळी शटर उघडायच्या आधी तासभर निवांत जायचं, रस्ता मोकळा मिळाला तर या कडेपासून त्या कडेपर्यंत लांब वळणं घेत. बास.

ऑनलाइन बघून तीन बोर्ड बाजूला काढलेत. ४२ इंची पिनटेल आहे, शेपटीला निमुळता, दिसायला लई देखणा. ३९ इंची ड्रॉप-थ्रू आहे, चाकांच्या वर दोन्हीकडून फळी कापलेली. आणि एक २९ इंची छोटा क्रूझर, तो काउंटरखाली मावेल. बजेट पंधरा हजार, हेल्मेट आणि गार्ड धरून. विकणारा म्हणतोय वरचे दीड हजार टाका, एबेक ११ ची बेअरिंगं बसवून देतो, बोर्ड पळेल. टाकू का? घरच्यांचं मत विचारू नका, ते एका वाक्यात संपतं.

पाचगावकर

आधी रस्ता विकत घ्या दादा, मग त्याच्या मापाचा बोर्ड.

उद्यमनगर_लेथ

पाचगावकर चेष्टेत बोलले, पण मुद्दा तोच आहे. मेडिकलवाले, तुम्ही लाकडाचं विचारताय. लाकूड शेवटी बघू. रस्त्याला लागतं ते चाक, तिथनं सुरुवात करा.

माझा उद्यमनगरात लेथचा छोटा धंदा आहे. पोरीच्या स्केटिंग क्लासपायी बेअरिंगं धुवायला बसायचो, आता स्वतःच फळीवर उभा असतो. शॉपमधली पोरं हसतात, हसू देत.

आपला डांबरी रस्ता कसा आहे बघा. वर बारीक चुरी सुटलेली, मध्येच पाइपलाइनचा पॅच, कडेला माती. ट्रिकवाल्या स्केटबोर्डचं चाक ५२-५४ मिमीचं आणि ९९ए च्या आसपास कडक असतं, ते गुळगुळीत काँक्रीटसाठी. आपल्या डांबरावर त्यानं दात वाजतात, आणि हरभऱ्याएवढा खडा मध्ये आला की बोर्ड थांबतो, तुम्ही थांबत नाही. तुम्हाला चाक पाहिजे ७० ते ७५ मिमीचं, ७८ए ते ८०ए. हा ए म्हणजे शोअर ए, रबराचा कडकपणा मोजायचा काटा. आम्ही ऑइल सील घेताना बघतो तोच. आकडा जेवढा कमी तेवढं चाक मऊ. मऊ चाक खड्याला थोडं पोटात घेतं, मोठं चाक त्याच्यावरनं चढून जातं, दोन्ही पाहिजे. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेन आलं त्याच्या आधी लोक लोखंडाच्या आणि भाजलेल्या मातीच्या चाकांवर फिरायचे, खडा लागला की तोंडावर. आणि चाकाची कड बघा. काटकोनी कड वळणात रस्ता धरते, गोल कड सुटते. गोल कड घसरवायचा खेळ करणाऱ्यांसाठी, तुम्ही काटकोनी घ्या.

दुसरा ट्रक, म्हणजे फळीखालचा चाकांचा आस धरणारा सांगाडा. लाँगबोर्डला रिव्हर्स किंगपिनचा ट्रक असतो, किंगपिन म्हणजे ट्रकचा मधला बोल्ट, तो बाहेरच्या अंगाला झुकलेला. वळण लांब, गुळगुळीत येतं. अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम असतं ते. हँगर, म्हणजे आस धरणारा भाग, १८० मिमीचा आणि बेसप्लेट, म्हणजे फळीला बोल्टनं बसणारा भाग, ५० अंशाची असली की तुमचं काम झालं. ४३-४४ अंशाचीही मिळते, ती जोरात उतार उतरणाऱ्यांची, वळायला आळशी. खेळण्याच्या दुकानातला प्लास्टिक ट्रकवाला बोर्ड फुकट मिळाला तरी ८४ किलो त्याच्यावर ठेवू नका.

आता खरी गोम. ट्रकात दोन रबरी बुश असतात, हँगरच्या वर एक, खाली एक. बोर्ड किती झुकणार आणि परत सरळ कसा येणार हे सगळं त्या दोन बुशांवर. बोर्डाबरोबर येणारे बुश बहुतेक वेळा हलक्या नाहीतर मध्यम माणसाला धरून असतात. वजनदार माणूस चढला की बोर्ड लोळतो, मग लोक काय करतात, किंगपिनचा नट आवळत सुटतात. माझ्याकडं एकजण असाच ट्रक घेऊन आला होता. उघडला तर वायसर बुशात रुतलेला, बुशाला कमरेतनं ढेरी सुटलेली, आणि किंगपिनच्या भोकापासनं बाहेरपर्यंत केसासारखी चीर. नखानं दाबलं तर चीर तोंड उघडत होती. असा बुश वळणाच्या सुरुवातीला काहीच सांगत नाही आणि टोकाला एकदम दगड होतो. तुमच्या वजनाला ९०ए चे बुश वेगळे मागवा. फळीकडचा बॅरल, म्हणजे सरळ पिंपासारखा, रस्त्याकडचा कोन, म्हणजे निमुळता शंकूसारखा. दोन्ही बॅरल घातले तर बोर्ड शांत राहतो पण वळायला कंटाळतो. नट एवढाच आवळा की वायसर हातानं फिरू नये, वर पाव फेरा. त्याच्यापेक्षा जास्त आवळावं वाटलं तर बुश चुकीचा आहे, हात नव्हे. पंधरा हजारातला सगळ्यात कमी पैशाचा आणि सगळ्यात उपयोगी खर्च हाच.

एबेकचं ऐका. बेअरिंग सगळीकडं एकच, ६०८. भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७. एबेक हा अचूकतेचा वर्ग आहे, वेगानं फिरणाऱ्या मशीनसाठी. ७० मिमीचं चाक ताशी वीस किलोमीटरला मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. साधं ६०८ वीस हजारांच्या पुढं झेपावतं. मग त्या अकरा आकड्याचं तुम्ही काय करणार? दीड हजार बुशात आणि चांगल्या हेल्मेटात घाला. बेअरिंगात चुरी गेली की एबेक कितीही असो, आवाज एकच येतो.

आता लाकूड. क्रूझर सोडा, २९ इंचावर पाय कुठं ठेवायचा हे शिकण्यातच तुमचा हिवाळा जाईल. पिनटेल देखणा आहे खरा, पण ट्रक त्याच्या पोटाखाली, म्हणजे फळी उंच. पाय मारताना पुढच्या एका गुडघ्यावर सगळा माणूस खाली-वर होणार. ड्रॉप-थ्रूत ट्रकची बेसप्लेट फळीतनं वर येते, फळी दोनेक सेंटीमीटर खाली बसते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाय मारायला, आणि त्याहून जास्त पाय घासून थांबायला, तेवढ्यानं फरक पडतो. वर फळी कापलेली असल्यानं कितीही झुकलात तरी चाक फळीला लागत नाही. मी तुमच्या जागी ३९ इंची घेईन.

सागरमाळ_कार्व्हर

लेथवाल्या काकांचं चाक आणि बुशचं अगदी बरोबर. ड्रॉप-थ्रूचं मला पटत नाही.

दादांना कार्व्हिंग, म्हणजे ती लांब वळणं, करायचंय ना? मग वळणाची मजा टॉपमाउंटमध्ये, म्हणजे त्या पिनटेलसारख्या बोर्डात आहे. फळी ट्रकच्या वर असली की टाचेचा आणि चवड्याचा जोर थेट ट्रकवर जातो, नुसता घोटा कलला तरी बोर्ड ऐकतो. ड्रॉप-थ्रूवर तेवढ्याच वळणाला अख्खं अंग टाकावं लागतं. मी दोन्ही चालवलेत. ड्रॉप-थ्रूवर दूर जाता येतं, टॉपमाउंटवर रस्ता संपला की वाईट वाटतं.

चाक फळीला लागायची भीती खरी आहे, त्याला व्हीलबाइट म्हणतात, आणि वळणाच्या ऐन टोकाला होतं, म्हणजे तुम्ही सगळ्यात जास्त झुकलेले असताना. पण फळी आणि बेसप्लेटच्या मध्ये पाव इंची राइझर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, घातला आणि बुश वजनाला बरोबर असले की ७० मिमीचं चाक आरामात बसतं. घरी एकदा फळीच्या कडेवर पूर्ण वजन टाकून बघा, चाकाच्या वर लाकडावर काळी रेघ उमटली तर अजून जागा पाहिजे.

फ्लेक्सही विचारा. बांबू आणि फायबरग्लासच्या फळ्या वाकतात आणि वळणातून बाहेर येताना ढकलतात. मधे किंचित वर उचललेली असते त्या आकाराला कँबर म्हणतात. तुम्ही मधोमध उभे राहिल्यावर ती सपाट झाली तर तुमच्या वजनाची, खाली पोट सुटलं तर नाही. मेपलच्या सात-आठ थरांच्या फळ्या ताठ असतात, स्वस्तही असतात.

आणि कोणी सर्फस्केट घ्या म्हणालं तर आत्ता नको. त्याचा पुढचा ट्रक इतका वळतो की नवीन माणसाला सरळ उभं राहणं हाच व्यायाम होतो.

फुलेवाडी_मेडिकल

दोघांचेही आभार. एबेकचा विषय मिटला, विकणाऱ्याला दीड हजार फेऱ्यांचा हिशोब पाठवला, अजून उत्तर नाही.

आता सांगा, चालवायचं कुठं? मला रंकाळा जवळ पडतो. दुसरं, कुठला पाय पुढं हे कसं ठरवायचं? मेहुण्याकडं मी कधी हा, कधी तो ठेवत होतो. आणि उतारावर वळणं घेऊन वेग कमी होतो म्हणतात ते खरं का?

उद्यमनगर_लेथ

कार्व्हर पोरीचं म्हणणं खोटं नाही. टॉपमाउंट जास्त वळतो, वाद नाही. पण ती वळण घेऊन बोलतेय आणि तुम्हाला आधी थांबायला शिकायचंय. थांबणं अंगात बसलं की पुढचा बोर्ड तिच्या सल्ल्यानं घ्या. एक लागला की दुसरा येतोच, वहिनींना आत्ता सांगू नका.

रंकाळ्यावर सकाळी नको. सगळं कोल्हापूर तिथं चालायला असतं. चार-चार जण हातात हात घालून, त्यात म्हातारी माणसं, कानात भक्तिगीतं. तुम्ही मागनं आलात तर ऐकूही जाणार नाही. पेव्हर ब्लॉकवर तर जाऊच नका, प्रत्येक फटीला गुडघा बोलतो.

विद्यापीठाच्या आवारातले रस्ते सुरुवातीला चांगले, गेटवर विचारून जा आणि फिरणाऱ्यांना वाट द्या. रविवारी सकाळी शेंडा पार्ककडंही मोकळं मिळतं, कुत्री सोडून. पन्हाळ्याचा घाट डोक्यातनं काढा. मोकळा दिसतो, गुळगुळीत दिसतो, आणि वळणाच्या पलीकडनं एसटी येते.

गळीत हंगाम चालू आहे हे ध्यानात ठेवा. कारखान्याकडं जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर ट्रॉलीतनं ऊस पडलेला असतो, आणि चाकाखाली चिरडून त्याची चोयटी झालेली असते. खडा निदान दिसतो. ओलं चिपाड डांबराला चिकटून बसतं, त्याच्यावर वळण घेतलं की पुढची चाकं बाजूला पळतात. पावसात बोर्ड घरात. फळीच्या थरांत पाणी शिरलं की कडा फुगतात, बेअरिंगं गंजतात ते वेगळंच.

पायाचं सोपं आहे. बाथरूमच्या ओल्या फरशीवर मोज्यांवर घसरताना मनात आणा, भिंत धरून, कुठला पाय आपोआप पुढं जातो तो पुढचा. नाहीतर घरातल्या कुणाला तरी न सांगता मागनं हलका धक्का मारायला लावा. डावा काय, उजवा काय, दोन्ही चालतं, पण एकदा ठरला की बदलू नका. बूट सपाट तळाचा. पायताण घालून चढणारे बघितलेत मी, अंगठ्यात धरलेली चप्पल बोर्डाबरोबर पुढं जाते आणि माणूस मागं राहतो.

वळणं घेऊन वेग कमी होतो, खरं आहे. उताराला आडवं गेलात की बोर्ड थोडा वेळ उतरतच नाही, आणि चाकं घासतात तेवढा जोर जातो. पण त्याला अख्खी रस्त्याची रुंदी लागते. समोरनं रिक्षा आली की तुमच्याकडं अर्धी लेन, मग वळण कुठलं घेणार? म्हणून आधी पाय घासून थांबायचं. सगळं वजन पुढच्या पायावर, पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय रस्त्यावर सपाट ठेवायचा आणि हळूहळू वजन द्यायचं. टाच आधी टेकवली की बूट अडकतो. सपाट रस्त्यावर हे दोन्ही कानांना हेडफोन न लावता रोज करा. ज्या उतारावर पाय घासून थांबता येत नाही त्या उतारावर चढायचंच नाही.

सागरमाळ_कार्व्हर

मोजे घालून ओल्या फरशीवर नको काका, तिथंच हात मोडायचा. धक्क्याचंच करा दादा. आणि मनगटाचे गार्ड हेल्मेटाइतकेच महत्त्वाचे, पडताना हात आधी जातो.

उद्यमनगर_लेथ

बरं बाई, धक्का.

फुलेवाडी_मेडिकल

३९ इंची ड्रॉप-थ्रू सांगितला. ट्रक १८० मिमी, ५० अंश, चाक ७० मिमी ७८ए, विकणाऱ्यानं लिहून दिलंय. ९०ए चे बुश दुसरीकडनं मागवले. घरात पान्यांचा मेट्रिक सेट आहे, चालेल ना?

उद्यमनगर_लेथ

अर्धवट. चाकाचा नट अर्धा इंची, त्याला १३ चा पाना लागतो. फळीच्या बोल्टांना १० चा. किंगपिनचा नट मात्र ९/१६ इंची. १४ चा पाना त्याच्यावर बसत नाही, १५ चा सैल पडून कोपरे खातो, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त तोच नट फिरवायचाय. उद्यमनगरात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडं इंची पाना मिळेल. अ‍ॅडजस्टेबल आणू नका.

चाकं बसवताना दोन बेअरिंगांच्या मध्ये स्पेसर आहे का बघा, ८ मिमी भोकाची छोटी नळी असते. असेल तर नट पूर्ण आवळला तरी चाक मोकळं फिरतं. नसेल तर नट किंचित सैल ठेवा, चाक बाजूला जरासं हललं पाहिजे. स्पेसर नसले तर बेअरिंगाची एक जोडी आणि एक चाक घेऊन शॉपवर या, व्हर्नियरनं माप घेऊन चारही काढून देतो. गुरुवारी लाइट नसते, तेवढा सोडून कधीही.