ॲलिसच्या तोंडचे शब्द काढले तर उरतं काय?

खारीचा_वाटा: परवा लेकीला (वय ६) घेऊन लंडनच्या कोव्हेंट गार्डनला रॉयल बॅलेचं 'ॲलिस' बघून आले, लुईस कॅरॉलच्या 'ॲलिस इन वंडरलँड' पुस्तकावरचं. २०११ सालचं, क्रिस्टोफर व्हील्डनने बसवलेलं. तीन अंक, दोन मध्यंतरं, जवळजवळ तीन तास. नेपथ्य डोळे दिपवणारं, त्याबद्दल ब्र काढणार नाही. पण ही गोष्ट बॅलेसाठी घ्यावीच का? पुस्तकभर नुसत्या कोट्या आहेत. उंदीर म्हणतो माझी 'टेल' लांबलचक आणि दुःखी, तो कहाणीबद्दल बोलतोय आणि ॲलिस त्याच्या शेपटीकडे बघत बसलीय. बॅलेत कुणी तोंडच उघडत नाही. कोट्या गेल्या, पोशाख राहिले.

त्याहून खटकलं ते दुसरंच. पुस्तकातली ॲलिस सात वर्षांची. इथे ती चांगली वयात आलेली, आणि तिला माळ्याचा पोरगा जॅक चिकटवलाय. तोच पुढे बदाम गुलाम. मोठ्यांना युगुलनृत्य लागतं म्हणून हा उपद्व्याप. लेक दर दहा मिनिटांनी विचारत होती, "आई, हा पुस्तकात कुठेय?"

ताकधिनाधिन: ताई, हॅटवाला बघितलात ना? तो टॅप डान्स करतो, बुटांनी ताल वाजवत. बॅलेत उडी मारून आवाज न करता उतरायला वर्षानुवर्षं शिकवतात, आणि तिथे हा गडी पायाने खडखडाट करतोय. त्याची सगळी वायफळ बडबड त्या बुटांत आहे.

आणि बदाम राणी! 'स्लीपिंग ब्यूटी'त राजकन्या चार राजपुत्रांचे हात धरत-सोडत एका पायाच्या चवड्यावर तोल सांभाळते, तो 'रोझ ॲडाजिओ' म्हणजे बॅलेतलं सोवळ्यातलं प्रकरण. इथे राणी नेमकं तेच करायला जाते, गुलाबांच्या जागी जॅम टार्ट, आणि तिला धरणाऱ्यांची भीतीने गाळण उडालेली. कॅरॉलने तरी वेगळं काय केलं होतं? इंग्लंडमधल्या पोरांकडून घोकून घ्यायच्या उपदेशाच्या कवितांची टर उडवली. उद्योगी मधमाशीच्या जागी मगर आणून बसवली. एकाने कवितेची खोडी काढली, दुसऱ्याने नाचाची. मला तर हे शब्दशः रूपांतरापेक्षा जास्त इमानी वाटतं.

खारीचा_वाटा: मुद्दा भारी आहे, मान्य. पण कॅरॉलच्या छोट्या वाचकांना त्या कविता पाठ होत्या, म्हणून ती मगर त्यांना कळली. माझ्या पोरीने 'स्लीपिंग ब्यूटी' कुठे बघितलंय? म्हणजे विनोद तिकीट काढणाऱ्यांसाठीच ना?

ताकधिनाधिन: हसली की नाही ते सांगा.

खारीचा_वाटा: हसली. राणी धपकन पडली म्हणून.

लीड्सकर: आमच्याकडच्या नॉर्दर्न बॅलेचे छोट्यांसाठीचे बॅले साधारण ४० मिनिटांत आटपतात. कुरूप बदकपिल्लू, तीन डुकरं, ससा-कासव. पिल्लाचा हंस होतो हे अंगाने दाखवता येतं, सांगावं लागत नाही. गोष्ट निवडतानाच एवढं बघितलं की निम्मं भांडण मिटतं. तीन तास सहा वर्षांच्या पोराला बसवणं ही मला तरी शिक्षा वाटते.

जुना_पिटातला: मूळ गोष्टीशी इमान वगैरे ठीक, पण 'नटक्रॅकर' (अक्रोड फोडणारा बाहुला) बघा. जर्मन लेखक हॉफमनची गोष्ट १८१६ ची, बॅले १८९२ चा. मूळ गोष्टीत नटक्रॅकर कुरूप का झाला याची एक लांब उपकथा आहे, न फुटणाऱ्या कवचाचं फळ, शापित राजकन्या. बॅलेने ती सरळ गाळली. दुसऱ्या अंकात कथा म्हणाल तर शून्य, मिठाया येतात नि नाचून जातात. नायिकेचं नावसुद्धा बदलून क्लारा केलं. हॉफमनकडे ते तिच्या बाहुलीचं नाव! तरी दर डिसेंबरला अमेरिकेत घरंच्या घरं लोटतात.

ॲलिसमधली डचेस पुरुषाने करायची, त्यावरून मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आठवली. आधी प्रभावळकर, मग मांगले.

खारीचा_वाटा: चेटकिणीला भरपूर बोलायला होतं हो! आणि दुसऱ्या अंकात मिठायाच नाचतात म्हणूनच मला नटक्रॅकरचा कंटाळा येतो. असो. लेकीला विचारलं, काय बदलायचं? तिला चेशायर मांजर सगळ्यात आवडलं. डोकं एका नर्तकाच्या हातात, पाय दुसऱ्याच्या, शेपूट तिसऱ्याच्या, आणि मध्येच सगळं विखुरतं. तिच्या मते जॅकला काढून तिथेही मांजरच ठेवावं.

ताकधिनाधिन: मांजराबरोबर युगुलनृत्य? मी पहिल्या रांगेचं तिकीट काढेन.