‘पूर्व-अस्तित्वात असलेल्या अटी’ म्हणजे नक्की काय?

ताईने न्यू जर्सीत जुनं घर घेतलं. होम वॉरंटीचा, म्हणजे घरातली यंत्रं-नळ बिघडले तर दुरुस्त करून देण्याचा, इंग्रजी करार मोबाईलवर मराठीत भाषांतरित करून तिने आईला पाठवला. त्यात लिहिलंय, ‘पूर्व-अस्तित्वात असलेल्या अटींना संरक्षण नाही.’ आई म्हणते, “अटींना कसलं संरक्षण?” योग्य शब्द कोणता?

— यंत्राने घोळ घातलाय. ‘कंडिशन’ म्हणजे अटही आणि अवस्थाही. इथे दुसरा अर्थ. करार सुरू होण्याआधीच फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र), वॉटर हीटर किंवा नळात जे बिघडलेलं होतं ते. आरोग्य विम्यात ‘आधीपासूनचे आजार’ म्हणतात, तसं ‘आधीपासूनचा बिघाड’ म्हणा.

— बिघाड म्हटलं की वस्तू बंद पडली असं वाटतं. टाकी आतून गंजलीय, पण पाणी तापतंय, हा बिघाड कसा? ‘दोष’ बरा.

— ‘दोष’ला आपल्याकडे उलटा वास आहे. रेराच्या (बिल्डरांवरच्या कायद्याच्या) कलम 14(3) नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष दिसला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. म्हणजे इथे दोष दाखवला की काम होतं आणि तिथे दोष आधीचा निघाला की दावा फेटाळतात!

— मला तर ‘वॉरंटी’च खटकते. मराठीत ‘हमी’ भारदस्त शब्द आहे: रोजगार हमी, हमीभाव. हे प्रकरण म्हणजे वर्षाची फी आणि वर प्रत्येक वेळी मेकॅनिक आला की वेगळे पैसे. आपल्या वॉटर प्युरिफायरच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) थोरली बहीण. ‘गृहहमी’ असं भाषांतर करून तिचा मान वाढवू नका. (वॉरंटी आणि गॅरंटी मुळात एकच शब्द, फ्रेंचच्या दोन बोलींतून आलेला. हे उगाच.)

— एक बारकावा राहिला. काही करारांत आधीचा पण *माहीत नसलेला* दोष चालतो. नुसतं बघून किंवा यंत्र चालू करून कळला नसता असा. तेव्हा ‘आधीपासूनचा’ एवढ्याने भागत नाही, ‘छुपा’ की ‘उघड’ तेही लिहावं लागेल.

मी मूळ प्रश्नवाली. आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे घराचं जुनं दुखणं त्यांना चालत नाही, एवढंच ना?” ताईला तेच कळवलंय. ती आता खरेदीआधीच्या तपासणीचा अहवाल शोधतेय.