मदत हवी आहे : कारखान्यांच्या नाशिकवर पुस्तकं आहेत का?

मंडळी, नाशिकवर पुस्तक मागितलं की दुकानदार रामकुंड, पंचवटी आणि कुंभमेळाच पुढे करतो. तीन घेतली, तिन्हीत तेच. मला हवंय ते दुसरं नाशिक. नाशिकरोडला १९२५ साली सिक्युरिटी प्रेस आली आणि तोवर लंडनहून छापून येणारी टपाल तिकिटं इथे छापली जाऊ लागली. १९६४ मध्ये ओझरला एचएएल हा सरकारी विमान कारखाना आला, तिथे मिग विमानं बनली. शिवाय सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहती.

बाबा सातपूरला तिन्ही पाळ्या करायचे. रात्रपाळीहून आले की शर्टाला कूलंटचा वास, आणि डब्यात माझ्यासाठी कँटीनचा अर्धा वडा. ही माणसं कुठून आली, सिडकोतल्या घरांत कशी रुळली, युनियन, संप, कामगारांची नाटकं, भजनी मंडळं, असं कुणी लिहिलंय का? त्याआधीच्या तांबट आळीतल्या भांड्यांच्या धंद्यावर असेल तर सोन्याहून पिवळं.

१८८३ चं इंग्रजी गॅझेटियर चाळलंय, पण ते कारखान्यांच्या आधीचं. मराठीत आत्मचरित्र, कंपनीची स्मरणिका, काहीही चालेल. 'सावाना'त (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) नेमकं कोणत्या कपाटात बघू, तेही सांगा. झेरॉक्सचा खर्च माझा.