अरेका म्हणजे पोफळ का?

विचारणा:
बाल्कनीतल्या झाडांवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'अरेका पाम' आला. कोशात अरेका म्हणजे सुपारी, म्हणून बेधडक 'पोफळ' लिहून टाकलं. काल नागपुरात सेमिनरी हिल्सकडच्या एका नर्सरीत गेले, अरेकाच्या कुंडीकडे बोट दाखवून म्हटलं, "ही पोफळ केवढ्याला?" माळीदादा हसले. "हा अरेका आहे जी. याले सुपारी नाही लागत." मग शब्द कुठला वापरू?

उत्तर:
ताई, दादांचं बरोबर आहे. चूक नर्सरीच्या पाटीवरच्या नावातच आहे. कुंडीतला अरेका मादागास्करचा. बुडातून आठ-दहा काड्या एकत्र फुटतात, देठ पिवळसर. शास्त्रीय नावातलं 'ल्युटेसेन्स' म्हणजे पिवळं होत जाणारं. पोफळ एकखोडी, सरळसोट. जुन्या विक्रेत्यांच्या याद्यांत हे झाड 'अरेका ल्युटेसेन्स' म्हणून चालायचं. 1878 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ वेंडलंड यांनी ते 'क्रिसॅलिडोकार्पस' या पामांच्या गटात घातलं, 1995 मध्ये ते 'डिप्सिस'मध्ये गेलं, 2022 मध्ये परत क्रिसॅलिडोकार्पसमध्ये आलं. एवढी घरं बदलली, पण नर्सरीची पाटी काही हलली नाही.

गंमत म्हणजे शब्द मुळात आपल्याच किनाऱ्याचा. सुपारीला मल्याळममध्ये अडक्का, कन्नडमध्ये अडिके. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं अरेका झालं आणि 1753 मध्ये लिनिअसने पोफळीला 'अरेका कॅटेचू' म्हटलं. (कॅटेचू म्हणजे कात, तो तर खैराचा! पानाचाच ठेला मांडला म्हणा ना.) म्हणजे हक्काचं नाव पोफळीचं, आणि बाजारात ते मिरवतोय भलताच.

तुम्ही 'अरेका पाम' तसंच ठेवा, बाजारातलं नाव म्हणून. लोक तेच मागतात. फक्त शास्त्रीय नाव म्हणून 'अरेका' छापू नका, आणि पोफळ तर नकोच.

आणखी एक:
मग सिव्हिल लाइन्समध्ये बंगल्यांच्या फाटकाशी बॉटल पाम असतात, ते तरी खरे का?

उत्तर:
भाऊ, पन्नास फुटी, करड्या गुळगुळीत खोडाचा, मधेच किंचित फुगलेला असेल तर तो रॉयल पाम, क्युबाकडचा. जुन्या याद्यांतलं त्याचं 'ओरिओडोक्सा' अजून पाट्यांवर दिसतं. 1900 पासून तो 'रॉयस्टोनिया'. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा: ठेंगणा, बुडाशी सुरईसारखा फुगलेला, वर मोजकीच पानं. इथे मात्र शब्द एवढा रुळलाय की बोलताना मी कोणाला टोकत नाही. रोप विकत घेताना मात्र विचारतो, कारण एक डोक्याएवढ्या उंचीवर बरीच वर्षं काढतो आणि दुसरा गच्चीच्या वर जातो.

विचारणा:
पोफळ काढली. पण पुढे 'सागो पाम' आहे, त्याला मी 'साबुदाण्याचं झाड' म्हटलंय. तेही गेलं का?

उत्तर:
गेलं, ताई. आणि ते आधी काढा. नर्सरीत त्या नावाने मिळतो तो सायकस. तो पामच नव्हे; ना फूल, ना फळ, उघड्या बियांचं झाड. खरा सागो 'मेट्रोझायलॉन' नावाच्या पामाच्या खोडातल्या पिठाचा, आणि आपल्या खिचडीतला साबुदाणा तर टॅपिओकाच्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडे होतो तो. सायकसच्या बिया विषारी असतात. तुमचं वाक्य वाचून कोणी कुंडीतल्या बिया खाऊन बघायला नको.